चिमणी उडणारं घड्याळ

६ ऑक्टोबर, सोमवार

आज सकाळी सामायिकात हसलो. मोठ्याने!

स्थानकात, म्हणजे आमच्या जैन धर्मसभागृहात, पहिल्या रांगेत बसलो होतो. मांडी घातलेली, डोळे अर्धे मिटलेले, तोंडावर मुहपत्तीची कापडी पट्टी. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं संसार बाजूला. त्यात बोलणं दोष, पेंगणं दोष, हसणं तर दोषच. लहानपणापासून पाठ आहे. आणि तरी सात वाजायच्या बेताला नजर मनगटावरच्या नव्या घड्याळाकडे गेली. मांजर हळूहळू चढत वरच्या फांदीखाली पोचलं होतं. नाक आता चिमणीला लागतंच — आणि टुक! चिमणी गेली. खाली, जरा उजवीकडे, दुसऱ्याच फांदीवर जाऊन बसली. मांजर तसंच. नाक वर करून.

हसू फुटलं. मुहपत्ती फुग्यासारखी फुगली. दाबायला गेलो तर नाकातून आवाज निघाला.

मागून मोतीलालजी खाकरले. ते आमच्या संघाचे मंत्री. सामायिक झाल्यावर जवळ आले.

"हेमराजजी, बरं नाही का?"

"खोकला."

"जपा. तुमची तब्येत आता तुमच्या एकट्याची नाही. संघाची आहे."

गाडीत भाईजी, माझे थोरले भाऊ, पुढे बघत म्हणाले, "खोकला नव्हता. वैरागी माणूस सामायिकात हसतो का रे?"

वैरागी. वर्षभर हाच शब्द ऐकतोय. दिपमाला गेली त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी मांगलिक पाठ ऐकायला स्थानकात गेलो होतो. तेव्हा जे महाराजसाहेब होते त्यांनी विचारलं, मन कसं आहे? म्हणालो, आता कशातच लागत नाही. एवढंच बोललो. बायको गेलेला माणूस आणखी काय बोलणार! बाहेर येऊन चपला घालेपर्यंत मोतीलालजींनी चार जणांना सांगून टाकलं, हेमराजला वैराग्य जागलं. संध्याकाळी धुळ्याच्या नातेवाइकांचे फोन. धन्य आहात म्हणून.

तेव्हापासून घरोघरी जेवायला बोलावतात. पानात वाढताना बायका हात जोडतात. माझ्याहून मोठी माणसं मला आधी जाऊ देतात. आणि आता ठरलंय. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, त्या दिवशी भर सभेत माझं नाव पुकारायचं, दीक्षेची तारीख सांगायची. मग माघात केस उपटून, पांढरी वस्त्रं नेसून, घर, पेढी, माझी लेक विधी, सगळं सोडून अनवाणी निघायचं. परत यायचं नाही.

मी नाही म्हटलेलं नाही. पण हो तरी कधी म्हटलं?

ते जाऊ दे. आज हसलो. दिपमाला गेल्यापासून पहिल्यांदा. दिवसभर छातीतून काहीतरी काढून ठेवल्यासारखं वाटत होतं.


७ ऑक्टोबर, मंगळवार

घड्याळाबद्दल लिहितो. आल्यापासून लिहायचं होतं.

आमच्यात सामायिकाला सेलचं घड्याळ चालत नाही. विजेत अग्निकायाचे जीव, म्हणून सेलची वस्तू अंगावर नको. चावीचं चालतं. शिरपूरजवळच्या आमच्या गावात वडील ओट्यावर सामायिकाला बसायचे तेव्हा त्यांचं चावीचं घड्याळ पुढ्यात ठेवलेलं असायचं. त्याची चावी द्यायचा मान माझा. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ते दाणेदार बटण, कर् कर् कर्, आणि मग अचानक पुढे न जाणं. तिथे थांबायचं. तो थांबा बोटाला कळतो. शाळेत पाटीवर गणित चुकायचं, हे कधी चुकलं नाही. तिथून जो नाद लागला तो लागला. पेढीवर लोक तूर दातांखाली फोडून बघतात, मी समोरच्याचं मनगट बघतो. जुनी, नवी, लग्नात आलेली, मोडीत निघालेली अशी चावीची घड्याळं माझ्या कपाटात आहेत. सगळी शहाणी घड्याळं. बारा वर, सहा खाली.

हे तसं नाही!

याला काटेच नाहीत. आभाळ आहे. सकाळी दव सुकत असताना दिसतं तसं फिकट. त्यात गोल बारा फांद्या आणि प्रत्येकीला एक आकडा. एका फांदीवर चिमणी. ती जिथे बसेल तो तास. कडेने मांजर फिरतं, त्याचं नाक म्हणजे मिनिट. आणि आकडे क्रमाने नाहीत! वर सहा. सहाच्या शेजारी अकरा. अकराच्या शेजारी चार. बारा पार खाली. पहिल्या दिवशी मला वाटलं, बनवणाऱ्या बाईंनी हाताला आले तसे टाकले. मग रविवारी पेढी बंद होती तेव्हा कागदावर मांडून बघितलं. चिमणी दर तासाला बरोबर पाच घरं पुढे उडते. कधी चार नाही, कधी सहा नाही. बघणाऱ्याला वेडेपणा वाटतो, पण आत शिस्त आहे. हे उमजलं तेव्हा मी एकटाच टाळी वाजवून बसलो.

बाकीच्या तासांत मांजर चिमणीच्या फांदीखालून जातं आणि पुढे निघून जातं. वाटेत भेट झाली, विषय संपला. पण सहा ते सात या एका तासात चिमणी बरोबर वर असते आणि मांजराला तासाच्या शेवटच्या क्षणी तिच्याशी पोचायचं असतं. ते पोचतं. ती उडते. रोज दोनदा ही फजिती!

बनवणाऱ्या बाई बंगळूरला असतात. गच्चीवरच्या खोलीत एकट्या काम करतात. आतलं यंत्र विकत आणलेलं, साधं, मजबूत. पण त्यावरची उडीची कळ त्यांची स्वतःची. तासभर एक स्प्रिंग थोडी थोडी ताणत जायची आणि वेळ झाली की सोडून द्यायची. हे लिहायला सोपं. मनगटाएवढ्या जागेत, दिवसाला चोवीस वेळा, न अडखळता करायचं म्हणजे काय ते घड्याळ उघडून बसणाऱ्यालाच कळेल. आणि एवढं कौशल्य कशासाठी? मांजराच्या फजितीसाठी. मला हेच फार आवडलं. इतकं मन लावून कोणी गंमत करतं!

मांजराला एका बाजूला दोन मिशा, दुसऱ्या बाजूला तीन. भिंगातून दिसलं. मागच्या झाकणावर, मनगटाला टेकते त्या बाजूला, एक छोटी वाटी कोरली आहे. दुधाची. मांजराला दिसत नाही, घालणाऱ्याला माहीत असतं.

दोष? आहेत. अंधारात काही दिसत नाही. तीन दिवसांत थोडं मागे पडलं. कोणी वाजले किती विचारलं की आधी मला थांबावं लागतं. शहाण्या घड्याळात असं होत नाही.

बुकिंग तीन वर्षांपूर्वीचं. वर्षाला थोडीच बनतात, रांग लागते. फोनवर फोटो दिपमालेनेच पहिल्यांदा बघितला होता. "अहो, मांजराचा जन्मभर उपवास!" आणि इतकी हसली की कणीक तिंबत होती ते हात तोंडावर गेले, नाकाला पीठ. मी म्हटलं, आपल्या वयाला शोभतं का हे? ती म्हणाली, "कपाटात शोभणारी पुष्कळ आहेत."

घड्याळ आलं शनिवारी. खोक्यावर दोघांची नावं होती.


८ ऑक्टोबर, बुधवार

आजही सातला हसू आलं. दाबलं. मुहपत्ती वाचली.


१० ऑक्टोबर, शुक्रवार

जळगावहून धुळ्याला गेलो. मार्केटात उडीद बघायचा होता. तिथे वना भेटला. गावच्या शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आता घरची कोरडवाहू करतो. माल घेऊन आला होता. पोत्यांवर बसून चहा घेतला. त्याने माझा हात धरून ओढला.

"हाई काय शे रे हातमा?"

"घड्याळ."

"हाई तर मांजर शे! घड्याळ कोठे शे?"

समजावून सांगितलं. मग त्याने मला उठूच दिलं नाही. चिमणी उडते ते बघूनच माल मोजायला जाईन म्हणाला. मोजणारे हाका मारतायत, हा बसलेला. उडाली तेव्हा मांडीवर थाप मारून असा हसला की शेजारचे अडते वळून बघायला लागले. मीही हसलो. मग तो एकदम थांबला.

"तू महाराज व्हनार शे म्हने? बठ्ठा गाव सांगस."

"लोक सांगतात खरं."

"लोक नही. तू काय सांगस?"

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं. पाचवीत मास्तरांनी मारल्यावर बघायचा तसंच.

"तुले वहिनीनी याद येस. दुसरं काही नही. मंग रडी ले ना, हेमराज भो! रडाकरता केस उपटना पडतस का?"

उठला आणि मोजायला गेला.

परत येताना पारोळा मागे पडलं, एरंडोल यायच्या आधी गाडी बाजूला घेतली. दोन्ही बाजूंना कपाशी. काच वर केली आणि रडलो. आवाज करून. बायको गेली तेव्हा माणसं भोवती होती, मी धीराचा म्हणून सगळ्यांना पाणी देत होतो. आज कोणी नव्हतं. एक म्हातारा सायकलवरून उतरला, काचेतून बघितलं आणि काही न विचारता पुढे गेला.

घरी आलो तेव्हा सूर्यास्त व्हायचा होता. नीट जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या. भाभी नाही आमच्या घरात, भाईजींनी लग्नच केलं नाही. वाढायला बाईच होती, आमची आई. तिने तिसरी विचारली.


१२ ऑक्टोबर, रविवार

भाईजींनी घड्याळ पकडलं!

दुपारी दिवाणखान्यात म्हणाले, "हात दाखव." दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला.

"यात वाजले किती?"

"तीन. चिमणी डावीकडे आहे ना, तिथे तीन."

"आणि सहाच्या शेजारी अकरा? आकडे लिहिणारा प्यायला होता का?"

"बाई आहेत, भाईजी."

"मग तर कमालच आहे."

काढून दे म्हणाले. दिलं. म्हटलं आता कपाटात बंद करतील. तर ते हातात धरून बसले. चार वाजायचे होते. मी म्हटलं, थोडा वेळ थांबा, गंमत आहे. "मला काय करायचंय गंमत," म्हणाले, आणि थांबले. अकोल्याच्या पार्टीचा फोन वाजला, उचलला नाही. परत वाजला, उलटा करून ठेवला. माझ्या आठवणीत भाईजींनी पार्टीचा फोन सोडलेला नाही.

चिमणी उडाली. "गेली!" असं म्हणाले. आवाज दहा वर्षांच्या मुलाचा.

मग लगेच घसा साफ केला. घड्याळ परत दिलं. "खेळणं आहे. वैरागी माणसाच्या हातात मांजर शोभतं का? मोतीलालजींनी बघितलं तर? पौर्णिमेपर्यंत घालू नको."

मी म्हटलं, "भाईजी, मला एक बोलायचं होतं."

"बोलणं झालंय. दीक्षेची आज्ञा घरचा मोठा म्हणून मी दिली आहे. आपल्या कुळात पहिली दीक्षा, हेमराज! हे भाग्य असं दारात चालून येत नाही कोणाच्या. येतं तेव्हा एकाला पेढी आडवी येते, एकाला आणखी काही." उठून आतल्या खोलीत गेले, माळ घेतली.

माझं बोलणं तोंडातच राहिलं. वडील गेले तेव्हा मी अकरावीत होतो. शाळेची फी, माझं लग्न, विधीच्या वेळचं बाळंतपण, सगळं यांनी केलं. यांच्यापुढे नाही हा शब्द मी कधी काढलेला नाही. त्याची सवयच नाही जिभेला.


१५ ऑक्टोबर, बुधवार

बाईजवळ बसलो होतो. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी बारीक दिसत नाही. घड्याळ तिला वर्णन करून सांगितलं. ती मारवाडीत बोलते, मी इथे मराठीत लिहितो. गावच्या शाळेने हात मराठी केला तो कायमचा.

म्हणाली, "तू हसलास म्हणून मोतीलाल सगळीकडे सांगत फिरतोय. त्याला सांग, हेमराजचे वडील सामायिकात घोरायचे. त्याचा बाप जागं करायचा."

दोघं हसलो. मग मी विचारलं, "बाई, भाईजींनी आज्ञा दिली. तू अजून का दिली नाहीस?"

ती पदराला गाठ मारत बसली. सोडली, परत मारली.

"मागायला कोण आलं?"

"भाईजी आले होते ना."

"हस्तीमल आला. तू कुठे आलास? ज्याला जायचं असतं तो स्वतः येतो, पायाशी बसतो, रडतो, भांडतो, जेवण सोडतो. तेव्हा आई आज्ञा देते. दुसऱ्याने मागितलेली आज्ञा कशी देऊ? दुकानातला माल आहे का तू?"

मी तिच्या पदराची गाठ सोडून दिली.

"हस्तीमल मागायला आला होता स्वतःसाठी. वीस वर्षांचा होता. एका महाराजांच्या मागे चाळीसगावपर्यंत चालत गेला होता, पाय फुटले होते. दोन दिवस माझ्यापुढे उपाशी बसला. मी देणारच होते. तेवढ्यात तुझे वडील गेले. मग तो पेढीवर जाऊन बसला. पुन्हा बोलला नाही." एवढं सांगून तिने मला पाणी आणायला पाठवलं.

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात!

पण माझ्यापुरतं एक लख्ख झालं. मी मागितलेलं नाही. मी मागणार नाही. आता फक्त बोलायचं आहे.


१८ ऑक्टोबर, शनिवार

धनतेरस. पेढीवर गर्दी. विधी पुण्याहून आली. घरात आल्या आल्या माझं मनगट धरलं — "आलं? मम्मीचं मांजर आलं?"


१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी विधीबरोबर मेहरूण तलावावर गेलो. पाणी भरपूर आहे. चालताना तिने माझा हात धरला होता. नोकरी करणारी मुलगी, चोवीस वर्षांची, अशी कधी धरत नाही. कठड्याशी थांबलो. आठ वाजायला आले होते, चिमणी बघायची होती तिला.

बघता बघता म्हणाली, "पप्पा, मी सवय करतेय."

"कसली?"

"तुम्हाला पप्पा न म्हणायची. महाराजसाहेब म्हणायची. आणि हात न लावायची. दीक्षा झाल्यावर मुलीने हात लावायचा नाही ना? बायकांचा स्पर्श चालत नाही. मी यूट्यूबवर बघितलं, मुली लांबून वंदन करतात."

मी म्हटलं, "तू मला कधी नको म्हणाली नाहीस."

"कसं म्हणणार? सगळे म्हणत होते, बापाच्या धर्मात आडवी येऊ नकोस. मावशी म्हणाली पाप लागेल." मग म्हणाली, "मम्मी गेली ते समजतं मला. ती काही ठरवून नाही गेली. तुम्ही तर ठरवून जाताय."

चिमणी उडाली. दोघांनाही बघायचं राहून गेलं.

मी म्हटलं, "मी जात नाहीये, विधी."

पहिल्यांदा तोंडातून निघालं. कुठे, तर तलावावर, भेळेच्या बंद गाड्याशेजारी! तिने हात सोडला, दुपट्ट्याने तोंड पुसलं, परत धरला. जोरात. बोटं दुखली.


२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. महावीर निर्वाण. पहाटे जप केला. मन लागलं! दुःख विसरायला करत होतो तेव्हा लागत नव्हतं.


२६ ऑक्टोबर, रविवार

ज्ञानपंचमी. महाराजसाहेबांना एकटं भेटायची वेळ मागितली. भाईजींना सांगून गेलो. काय बोलणार तेही सांगितलं. ते जोडे घालत होते, एक जोडा हातातच राहिला. अडवलं नाही. पण आलेही नाहीत.

वंदन करून बसलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "मत्थेण वंदामि. मला वैराग्य नाही. बायको गेली म्हणून दुःख आहे. लोकांनी त्याला वैराग्य म्हटलं आणि मी गप्प बसलो."

वाटलं होतं रागावतील. निदान उपदेश करतील. त्यांनी पुढ्यातली पोथी मिटली. तरुण आहेत, माझ्याहून बरेच लहान.

म्हणाले, "बरं झालं आलात. मी तर आषाढात जळगावला पाय ठेवला आणि मोतीलालजी म्हणाले, हे आमचे वैरागी. मला तुम्ही आयतेच मिळालात. चार महिने वाट बघतोय, हा माणूस स्वतः काही विचारेल म्हणून. तुम्ही मला एकदाही संयमाबद्दल काही विचारलं नाहीत. मीही तुम्हाला विचारलं नाही. तेवढं माझंही चुकलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुसलं नाही.

"दीक्षा नाही म्हणून धर्म सुटला असं समजू नका. सामायिक चालू ठेवा."

"त्यात हसलो होतो मी. त्याचं प्रायश्चित्त द्या."

"ऐकलं ते. कशावर हसलात?"

हात पुढे केला. त्यांनी हात न लावता वाकून बघितलं. मी मांजर, चिमणी, पाच घरं, सगळं सांगितलं. बराच वेळ बघत होते. मुहपत्तीच्या कडेला गाल वर गेलेले मला दिसले.

"म्हणजे याच्या हातून कधीच हिंसा होत नाही?"

"कधीच नाही."

"कारागीर जैन आहे का?"

हसू नये म्हणून मी ओठ चावले. प्रायश्चित्त म्हणून जादा सामायिक दिलं, आणि सामायिकात घड्याळ पालथं ठेवायला सांगितलं. बरोबर आहे. तिथे हसण्याची जागा नव्हे. घरी पुष्कळ जागा आहे.

उठताना म्हणाले, "मला सांगून भागणार नाही. लोकांनी तुम्हाला चारचौघांत वैरागी केलं. तुम्ही चारचौघांतच उभं राहून नाही म्हणा. पौर्णिमेला. मोतीलालजींना मी काही सांगत नाही."

बाहेर आलो तर ऊन चांगलंच वर आलं होतं. चपला सापडेनात. सापडल्या. दाणाबाजारापर्यंत चालत आलो, उगीचच दोन ओळखीच्यांना रामराम घातला.


२७ ऑक्टोबर, सोमवार

भाईजी बोलत नाहीत. रागावलेले दिसत नाहीत. नुसतेच गप्प.


३१ ऑक्टोबर, शुक्रवार

विधी परवा पुण्याला गेली. फोन आला. "पौर्णिमेला पाय लटपटले तर मांजराकडे बघा," म्हणाली.

सभेत पाचशे तरी माणसं असतील. धुळ्याचे पाहुणे येणार आहेत. सगळ्यांनी मला जेवू घातलंय. भीती वाटते. पण ही भीती वेगळी. माझी स्वतःची आहे.


२ नोव्हेंबर, रविवार

भाईजी खोलीत आले. उभेच राहिले.

"नाही म्हणायचं नक्की?"

"नक्की."

"मग पेढी?"

"पेढी काय, भाईजी? आहेच मी."

"नुसतं असणं नाही. खरेदी, पार्ट्या, बाईची औषधं. एकट्याने. जमेल?"

मला वाटलं चिडून टोमणा मारतायत. म्हटलं, "जमेल. का नाही जमणार? आयुष्यभर तुम्हीच तर शिकवलंय."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. दारापर्यंत गेले, परत वळले. "तुरीला ओल बघताना तू घाई करतोस. ते सोड." आणि गेले.


५ नोव्हेंबर, बुधवार

चातुर्मासाचं शेवटचं व्याख्यान. मोतीलालजींनी माझं नाव पुकारलं. उभा राहिलो आणि म्हणालो, मी वैरागी नाही, मी दीक्षा घेणार नाही, समज तुमचा चुकला आणि सांगायचं माझ्याकडून राहिलं, खमावतो, क्षमा असावी. आवाज कापला नाही. भाईजी उठले. वाटलं, आता बाहेर निघून जातील. ते रांगेतून वाट काढत माझ्यापुढे आले आणि हात जोडले. माझ्या मोठ्या भावाने, मला.

म्हणाले, "काल रात्री बाईच्या पायाशी बसलो. ती म्हणाली, पेढी ज्याच्या गळ्यात पडणार त्याला विचार. हेमराज, मला दीक्षेची आज्ञा दे."

मी दिली.